अडविलेली वाट आणि तिच्यावरची पाटी

पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर यवत मागें टाकून पाटसकडे निघालें, म्हणजे वाटेंत वरवंड लागतें. भोंवतीं उसाचे मळे, हंगामांत गुऱ्हाळांचा धूर, आणि रस्त्यावर अहोरात्र धांवणारीं वाहनें. दौंड तालुक्यांतील या गांवांत सातबाऱ्याचा उतारा, बाजारभाव, परीक्षेचा निकाल, परदेशीं असलेल्या मुलाचें पत्र, हें सर्व आज मुंबई-पुण्याइतक्याच सहजतेनें हातांतल्या मोबाइलवर येतें. अशा वेळीं रोजच्या उपयोगांतलें एखादें संकेतस्थळ एके सकाळीं उघडेनासें झालें, तर मनुष्य प्रथम आपल्या यंत्रास दोष देतो, नंतर वाऱ्यापावसास, आणि शेवटीं इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीस. तें स्थळ कोणी हेतुपुरस्सर अडविलें असेल, ही शंका सहसा त्याच्या मनास शिवतहि नाहीं. त्यांत त्याचा दोष नाहीं. मोडलेली वाट आणि अडविलेली वाट या दोन्ही पडद्यावर पुष्कळदां सारख्याच दिसतात. हें सारखेपण कसें आलें, आणि त्यामुळें सामान्य ग्राहकाचें काय हरवलें, हें पाहण्यासारखें आहे.

निरोपांच्या वाटेवर राज्यकर्त्यांनीं पहारा ठेवावा, ही गोष्ट जुनीच आहे. १८८५ सालच्या हिंदुस्थानी तारकायद्याच्या पांचव्या कलमानें सार्वजनिक आणीबाणीच्या प्रसंगीं किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठीं कोणतीहि तार अडवून ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. आणि त्या कायद्याची जागा घेणारा नवा दूरसंचार कायदा संमत व्हावयास २०२३ साल उजाडावें लागलें. दुसऱ्या महायुद्धांत तर पत्रें फोडून वाचण्याची व्यवस्था जगभर होती. पण त्या काळचें एखादें पाकीट हातीं घेऊन पाहिलें, तर एक गोष्ट ध्यानांत येते. परीक्षकाचा हात ज्या पाकिटास लागला, त्याच्या कडेवर चिकटविलेली पट्टी असे, किंवा वर शिक्का असे. मजकुरावर काळी शाई फिरली असली, तरी ती शाई दिसत असे. लढाईवर गेलेल्या मुलाच्या पत्रांतील चार ओळी नाहींशा झाल्या हें घरच्यांना समजे, आणि त्या कोणीं नाहींशा केल्या हेंहि समजे.

१९४२ सालचा दाखला याहून बोलका आहे. पुढारी तुरुंगांत गेले व वर्तमानपत्रांवर निर्बंध आले, तेव्हां २७ ऑगस्ट १९४२ रोजीं मुंबईंत काँग्रेस रेडिओ नांवाचें गुप्त ध्वनिक्षेपण सुरू झालें. ४२.३४ मीटरच्या लहरींवरून, आपण हिंदुस्थानांतून कोठून तरी बोलत आहों, एवढाच पत्ता तें सांगे. त्यामागें असलेल्या मंडळींत उषा मेहता ही बावीस वर्षांची तरुणी प्रमुख होती. केंद्राची जागा वारंवार बदलली जाई, आणि लहरींचा माग काढीत पोलीस शहरभर हिंडत. शेवटीं १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं धाड पडली. खटला चालला, उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली व पुण्याच्या येरवड्याच्या तुरुंगांत त्यांना ठेवण्यांत आलें. आवाज थांबला, परंतु तो कोणीं थांबविला, कोणत्या कायद्यानें थांबविला व त्याबद्दल कोणास काय भोगावें लागलें, हें सर्व नोंदलें गेलें.

स्वातंत्र्यानंतर १९७५ सालीं आणीबाणी पुकारली गेली, तेव्हां वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादण्यांत आली. २८ जून १९७५ च्या अंकांत ‘इंडियन एक्स्प्रेस’नें अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्या कोऱ्या जागेनें वाचकाला जें सांगितलें, तें छापलेल्या अग्रलेखानेंहि सांगितलें नसतें. पुढें अशी जागा कोरी ठेवण्यासहि तपासणाऱ्यांनीं हरकत घेतली, यांतच त्या कोरेपणाची शक्ति दिसून येते. या तीन प्रसंगांत बंदी कठोर होती, कदाचित् अन्याय्यहि होती; परंतु तिचा माग उरत असे. पाकिटावर पट्टी उरली, न्यायालयाच्या दप्तरांत खटला उरला, कागदावर कोरी जागा उरली.

इंटरनेटवरील बंदी याहून निराळी कां ठरली, हें समजून घेण्यासाठीं पुन्हां दौंड तालुक्यांत यावें लागतें. १९२७ सालीं हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामध्यें बिनतारी संदेशांची किरणशलाका-पद्धतीची सेवा सुरू झाली. संदेश पाठविण्याचें केंद्र पुण्याजवळ खडकीस होतें, आणि इंग्लंडहून येणारे संदेश पकडण्याचें केंद्र दौंडला होतें. खडकीच्या प्रबळ लहरींच्या गोंगाटांत हजारों मैलांवरून आलेला क्षीण संदेश बुडून जाऊं नये, म्हणून दोन्ही केंद्रें एकमेकांपासून दूर ठेवावीं लागत. तोंपर्यंत परदेशच्या तारा समुद्राच्या तळाशीं असलेल्या केबलमधून येत. आतां त्या दौंडच्या माळावर आकाशांतून उतरूं लागल्या. ज्या भागांत वरवंड आहे, तो भाग अशा रीतीनें जवळजवळ शंभर वर्षांपूर्वींच जगाशीं जोडला गेला होता.

ही सेवा चालविणाऱ्या इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनीची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. १९३२ सालीं बिनतारी व केबल हे दोन्ही व्यवसाय एकत्र होऊन इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी झाली. १ जानेवारी १९४७ रोजीं ती सरकारच्या ताब्यांत येऊन तिचें ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस असें नामकरण झालें. १९७१ सालीं याच खात्यानें पुणें जिल्ह्यांतच, जुन्नर तालुक्यांतील आर्वी येथें, उपग्रहाशीं बोलणारें देशाचें पहिलें व्यापारी भूकेंद्र उभारलें. १९८६ सालीं त्या खात्याची विदेश संचार निगम ही सरकारी कंपनी झाली, आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजीं याच कंपनीनें भारतांतील सामान्य जनतेस इंटरनेट खुलें केलें. दौंडची उंच तारांची जाळी, आर्वीची प्रचंड थाळी आणि १९९५ चें इंटरनेट हीं एकाच घराण्याचीं अपत्यें आहेत. परदेशच्या निरोपांसाठीं देशाला मोजकींच दारें आहेत, आणि ज्याच्या हातीं दार त्याच्या हातीं अडसर, हाहि त्या घराण्याचाच वारसा होय.

त्या अडसराचा पहिला गाजलेला उपयोग १९९९ सालीं झाला. कारगिलची लढाई चालू असतां पाकिस्तानांतील ‘डॉन’ या इंग्रजी दैनिकाचें संकेतस्थळ भारतांतून उघडेनासें झालें. परदेशाकडे जाणारा मार्ग त्या वेळीं विदेश संचार निगमच्याच दारांतून जात होता. त्यामुळें एका ठिकाणीं अडसर लागतांच बहुतेक साऱ्या देशास तो लागला. युद्धकाळीं शत्रुराष्ट्राचें वृत्तपत्र वाचूं द्यावें कीं नाहीं, यावर मतभेद होऊं शकेल. पण ग्राहकाच्या पडद्यावर जें दिसे, त्यांत बंदीचा उल्लेखहि नव्हता. तेथें फक्त स्थळ सांपडत नाहीं एवढेंच दिसे. जुन्या पाकिटावरची पट्टी येथें प्रथमच नाहींशी झाली.

असें कां व्हावें? संकेतस्थळ उघडतांना पडद्यामागें जें घडतें, त्यांत याचें उत्तर आहे. मनुष्य स्थळाचें नांव लिहितो. यंत्रास मात्र आंकड्यांचा पत्ता लागतो. म्हणून यंत्र प्रथम डी.एन.एस. नांवाच्या नामसूचीस पत्ता विचारतें. ही सूची बहुधा इंटरनेट पुरविणारी कंपनीच चालविते. कंपनीनें त्या सूचींत नांवापुढें खोटा पत्ता लिहिला, किंवा असें नांवच नाहीं असें उत्तर दिलें, तर वाट पहिल्या पावलालाच संपते. दुसरी रीत म्हणजे आंकड्यांचा पत्ताच अडविणें. पण एका पत्त्यावर शेंकडों स्थळें नांदत असतील, तर तीं सारींच बंद होतात. तिसरी रीत जाणाऱ्या मागणीवरचें नांव वाचून ती गिळून टाकण्याची. मजकूर गुप्त लिपींत जात असला, तरी जोडणी जुळतांना आरंभींच स्थळाचें नांव बहुधा उघडें असतें. तें वाचून कंपनीचें यंत्र मध्येंच जोडणी तोडतें. या सर्व प्रकारांत ग्राहकास दिसतें तें हेंच: पत्ता सांपडला नाहीं, वेळ संपली, जोडणी तुटली. खांब पडला असतां किंवा स्थळाचें यंत्र बंद असतां दिसतात, तेच हे शब्द.

या यंत्रणेच्या ओबडधोबडपणाचा अनुभव सप्टेंबर २००३ मध्यें आला. मेघालयांतील एका फुटीर संघटनेशीं संबंधित असा एक छोटासा चर्चागट याहू कंपनीच्या सेवेवर चालत होता. तेवढाच बंद करावा असा सरकारचा हुकूम निघाला. पण एक खोली बंद करण्याचें साधन पुरवठादारांजवळ नव्हतें; म्हणून त्यांनीं सारा वाडाच बंद केला, आणि देशांतील असंख्य लोकांचे चर्चागट कित्येक दिवस मुके झाले. ११ जुलै २००६ रोजीं मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत कांहीं मोजकीं पानें अडविण्याचा हुकूम निघाला, आणि पुन्हां तोच प्रकार घडला. ब्लॉगस्पॉटसारख्या सेवा सबंध बंद पडल्या. स्फोटांतील जखमींची व बेपत्ता माणसांची विचारपूस करण्यासाठीं स्वयंसेवकांनीं चालविलेलीं पानेंहि त्यांत सांपडलीं. गव्हाबरोबर किडे रगडले जातात असें म्हणतात. येथें किड्यांसाठीं सारा गहूच रगडला गेला.

यानंतर कायद्यानें या क्षेत्रास शिस्त लावण्याचा प्रयत्न केला. माहिती तंत्रज्ञान कायद्यांत २००८ सालीं दुरुस्ती होऊन ‘६९ अ’ हें कलम आलें, आणि २००९ सालीं त्याखालीं नियम झाले. देशाची सुरक्षितता, परराष्ट्रांशीं मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठराविक कारणांसाठींच स्थळ अडवितां येईल, समितीनें विचार करावा, कारणें लेखी असावीं, असें ठरलें. परंतु त्याच नियमांतील सोळाव्या नियमानें तक्रारी व त्यांवरील कारवाई गुप्त ठेवण्यास सांगितलें. एका हातानें कारणें लिहावीं आणि दुसऱ्या हातानें तीं कुलुपांत ठेवावीं, असा हा प्रकार झाला.

या कलमाची परीक्षा सर्वोच्च न्यायालयांत झाली, तिचें मूळ महाराष्ट्रांतच आहे. नोव्हेंबर २०१२ मध्यें पालघर येथें फेसबुकवरील एका मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. त्या प्रसंगानें अस्वस्थ होऊन श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीनें याचिका केली. २४ मार्च २०१५ रोजीं न्यायालयानें अटकेस कारण झालेलें ‘६६ अ’ कलम रद्द केलें. ‘६९ अ’ मात्र, त्यांत लेखी कारणांची व सुनावणीची तरतूद असल्याचें दाखवून, कायम ठेवलें. कारणें लेखी असल्यानें त्यांस न्यायालयांत आव्हान देतां येईल, असा विश्वास त्या निकालांत होता. पण जो हुकूम पाहावयासच मिळत नाहीं, त्याला आव्हान द्यावयाचें कसें, हा प्रश्न उरलाच.

या निकालापूर्वीं तीनच महिने, डिसेंबर २०१४ मध्यें, या प्रश्नाचें प्रात्यक्षिक मुंबईंतूनच घडलें होतें. दहशतवादविरोधी पथकाच्या मागणीवरून ३२ स्थळें अडविण्यांत आलीं. त्यांत व्हिमिओ, इंटरनेट आर्काइव्ह, आणि यंत्रांसाठीं आज्ञावली लिहिणारे लोक रोज वापरतात त्या गिटहबचा एक भाग, हींहि होतीं. पुण्या-मुंबईचे अभियंते आधीं आपलींच यंत्रें तपासीत बसले असतील, तर नवल नाहीं. बंदीची बातमी त्यांना पडद्यावरून कळली नाहीं, वर्तमानपत्रांतून कळली.

नाहींशी झालेली पाटी परत लावण्याचा पहिला मोठा प्रयत्न मुंबई उच्च न्यायालयानें २०१६ सालीं केला. ‘ढिशूम’ या हिंदी चित्रपटाच्या चोरट्या प्रती पसरूं नयेत म्हणून इरॉस या कंपनीनें पुरवठादारांविरुद्ध अर्ज केला. न्यायमूर्ति गौतम पटेल यांनीं सबंध संकेतस्थळें सरसकट अडविण्यास नकार दिला. एकेक पत्ता पडताळून शपथेवर सादर झाल्यावर तेवढ्यापुरतीच बंदी त्यांनीं दिली, आणि तीबरोबर एक महत्त्वाची अट घातली. स्थळ उघडूं पाहणाऱ्यास नुसता मुका पडदा दिसतां कामा नये. बंदी कोणत्या दाव्यांतून व कोणत्या कलमांखालीं आली, आणि ज्याचें नुकसान झालें असेल त्यानें कोणाकडे दाद मागावी, हें त्या पडद्यावर लिहिलेलें असावें. पुढें अशा पडद्यांवर, तें स्थळ नुसतें पाहणें हाहि गुन्हा आहे, असा धाक घालणारा मजकूर झळकूं लागला, तेव्हां नुसतें पाहणें हा गुन्हा नाहीं असें स्पष्ट करून न्यायमूर्तींनीं तो मजकूर सुधारावयास लावला. दार बंद करण्याचा अधिकार मान्य करूनहि दारावर खरी पाटी हवी, एवढाच त्या आदेशाचा अर्थ. परंतु तो फार मोठा आहे.

आदेश झाला म्हणून सर्व दारांवर पाट्या लागल्या असें मात्र नाहीं. बंगळूरच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेशीं संबंधित संशोधकांनीं २०२० सालीं सहा पुरवठादारांची तपासणी प्रसिद्ध केली. निदान एका तरी कंपनीनें अडविलेलीं ४०३३ स्थळें त्यांना आढळलीं. पण सहाहि कंपन्यांनीं अडविलेलीं स्थळें होतीं केवळ १११५. कायदा एक, देश एक. तरीहि एका कंपनीच्या ग्राहकास जें स्थळ दिसतें, तें शेजारच्या घरीं दिसत नाहीं.

ही विसंगति कायद्याच्या दृष्टीनें शोचनीय खरी. पण शोध घेऊं पाहणाऱ्या ग्राहकाला तीच उपयोगी पडते. वरवंडमध्यें एखादें स्थळ उघडेना, तर प्रथम दुसरीं स्थळें उघडतात कीं नाहीं हें पाहावें. सारींच बंद असतील तर दोष जोडणीचा. एकच बंद असेल, तर तेंच स्थळ दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलवरून उघडून पाहावें. एकीकडे उघडतें व दुसरीकडे नाहीं, असें दिवसेंदिवस चाललें, तर दोष त्या कंपनीच्या वाटेंत आहे. मग त्याच जोडणीवर यंत्रास दुसरी नामसूची विचारावयास सांगावें. स्थळ लगेच उघडलें, तर सूचींतील पत्ता चुकला होता किंवा मुद्दाम चुकविला होता. सूची बदलूनहि जोडणी दर वेळीं त्याच क्षणीं तुटत असेल, तर मध्यें कोणी नांव वाचीत असण्याचा संभव अधिक. सर्वच कंपन्यांच्या वाटेनें स्थळ बंद असेल, तर परदेशांतील आप्तास तें उघडून पाहण्यास सांगावें. तेथेंहि बंद असल्यास स्थळच झोपलें आहे असें समजावें. उलट प्रकारहि असतो. भारतांतील कांहीं सरकारी स्थळें परदेशांतून उघडत नाहींत. तेथें भारतांतला पुरवठादार निर्दोष असून दार स्थळानेंच आंतून लावून घेतलेलें असतें.

एवढ्यानें रोगाचें स्थान कळतें, कारण कळत नाहीं. फसवणूक करणारीं, मुलांच्या अत्याचाराचीं चित्रें विकणारीं स्थळें अडविलीं जातात, तीं योग्यच अडविलीं जातात. म्हणून बंदी दिसतांच आडवाटेनें जाण्याची घाई करूं नये. कंपनीच्या तक्रार-अधिकाऱ्यास लेखी विचारावें, दिनांक व दिसलेले शब्द नोंदून ठेवावे, आणि हुकूम असल्यास तो कोणाचा, हें मागावें.

अशा विचारणेचें फळ किती उशिरां मिळतें व तरीहि कसें मिळतें, याचें उदाहरण २०२२ सालचें आहे. चित्रपट व गाणीं लावण्याचें ‘व्ही.एल.सी.’ हें साधन घराघरांतील संगणकांवर असतें. तें विनामूल्य देणारी व्हिडिओलॅन ही संस्था फ्रान्समधील. फेब्रुवारी २०२२ पासून तिचें संकेतस्थळ भारतांत अनेकांना उघडेनासें झालें. संस्थेस पूर्वसूचना नव्हती. माहितीच्या अधिकाराखालीं विचारणा झाली. तींतूनहि कारण कळलें नाहीं. ऑक्टोबरमध्यें संस्थेनें कायदेशीर नोटीस देऊन बंदीच्या हुकुमाची प्रत मागितली, आणि नोव्हेंबरमध्यें बंदी उठली. जे महिने मधें गेले, त्यांत कित्येकांनीं आपलें यंत्र बिघडलें असेंच मानलें असेल. आणि कांहींनीं तें साधन खोट्या स्थळांवरून उतरवून घेतलें असेल, तर त्या धोक्याची जबाबदारी कोणाची?

जानेवारी २०२० मध्यें अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर निकाल देतांना सर्वोच्च न्यायालयानें इंटरनेट बंद ठेवण्याचे हुकूम प्रसिद्ध केलेच पाहिजेत, असें सांगितलें. तो निकाल एखाद्या प्रदेशांतील सबंध सेवा थांबविण्याविषयीं होता. पण त्यामागचें तत्त्व एकेका स्थळासहि लागू पडण्यासारखें आहे. युद्धकाळांतील परकीय सरकारनें फोडलेल्या पाकिटावर पट्टी चिकटविली, आणि ज्या राज्यानें उषा मेहतांना शिक्षा दिली त्यानें ती उघड्या न्यायालयांत दिली. लोकशाही राज्यांतील नागरिकास याहून कमी कां मिळावें? वाट मोडली असेल तर ती दुरुस्त होण्याची तो वाट पाहील. अडविली असेल तर त्या निर्णयाशीं तो सहमत होईल किंवा त्याविरुद्ध दाद मागेल. यांपैकीं कांहींहि करावयाचें, तर आपल्यापुढें यांतलें काय आहे, एवढें तरी त्याला सांगितलें गेलें पाहिजे.